न थकणारा डोळा

ठाण्याहून बेलापूरकडे जाताना वाटेत तुर्भे लागते. येथे घाऊक बाजार आहे, तसेच औद्योगिक वसाहतीतील कारखानेही आहेत. फळबाजारात अनुभवी माणूस आंबा हातात घेतो, फिरवून पाहतो आणि डागी फळ बाजूला काढतो. कारखान्यातही अशीच निवड करावी लागते. मात्र तेथला ‘डाग’ कधी केसाएवढा बारीक असतो!

तांब्याचा एक लहानसा वॉशर घ्या. अनेक मोटारसायकलींच्या ब्रेकमध्ये तेलाची नळी जेथे जोडतात, त्या सांध्यावर तो बसवतात. ब्रेक दाबला की तेलावर मोठा दाब येतो. वॉशरवर आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत खोल ओरखडा असेल, तर तेलाला वाट मिळते. तेल झिरपले, तर ऐन वेळी ब्रेक लागेल याची खात्री नाही. तोच ओरखडा भोकाभोवती गोल गेला असेल, तर धोका कमी. म्हणजे ओरखड्याची दिशाही पाहायला हवी. रात्रपाळीत असे हजारो वॉशर पाहून कोणाचेही डोळे थकतील. म्हणून पुष्कळ कारखान्यांत हे काम कॅमेरा व संगणक यांच्याकडे सोपवतात. यालाच यंत्रदृष्टी म्हणतात.

यंत्राला दिसते तरी कसे? कॅमेऱ्यात प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारा संवेदक असतो. विलार्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली शोधलेला सीसीडी हा असाच एक संवेदक. त्यासाठी २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. संवेदक चित्राचे बारीक चौकोन पाडतो. हे चौकोन म्हणजे पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला उजेडानुसार ० ते २५५ यांपैकी एक अंक मिळतो: ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. संगणकाला वॉशर दिसत नाही; दिसतात ते अंक!

आता गणित करू. कॅमेऱ्यासमोरची ४० मिलिमीटर रुंदी २००० पिक्सेलांत विभागली, तर एक पिक्सेल ०.०२ मिलिमीटरचा झाला. वॉशरच्या मागे दिवा ठेवला, की त्याची काळी आकृती दिसते. १६ मिलिमीटर व्यासाचा वॉशर ८०० पिक्सेल भरला पाहिजे. ७९० भरला, तर तो ०.२ मिलिमीटरने लहान आहे. लगेच हवेचा झोत सुटतो आणि वॉशर पट्ट्यावरून बाजूला फेकला जातो.

ओरखड्यासाठी मात्र मागचा दिवा उपयोगाचा नाही. का, ते घरीच पाहा. अंधाऱ्या खोलीत स्टीलची जुनी थाळी ठेवा आणि सरळ वरून पाहा. टॉर्च वरूनच धरला, तर नुसती चकाकी दिसेल. आता टॉर्च थाळीच्या कडेशी, जवळजवळ आडवा धरा. गुळगुळीत भागावरचा प्रकाश समोर निघून जातो. ओरखड्याच्या कडांवरचा तेवढा विखरून तुमच्या डोळ्यांत येतो. काळ्या थाळीवर पांढऱ्या रेघा उमटतात. कारखान्यातही दिवा असाच तिरपा लावतात.

यंत्र थकत नाही हे खरे; पण किती खोल ओरखडा चालेल, हे त्याला माणूसच सांगतो. मर्यादा फार कडक ठेवली, तर चांगले वॉशर भंगारात जातील. ती सैल ठेवली, तर एखादा वाईट वॉशर रस्त्यावर जाईल. यांतली कोणती चूक अधिक महाग? याचे उत्तर मोटारसायकलवर बसणाऱ्या माणसाला आठवूनच द्यावे लागते.