इंजिनातील कूलंट व ऑइलची गळती

इंजिनातील कूलंट किंवा ऑइल रबरी होज, गॅस्केट अथवा सीलमधून झिरपणे म्हणजे गळती. महिंद्रा बोलेरो (२०००) किंवा टाटा सफारी (१९९८) यांच्या जुन्या गाड्यांत रबर कडक झाल्याने ती उद्भवते. नवी मुंबईतील सारसोळ्यासारख्या खाडीकाठच्या भागात खाऱ्या, दमट हवेने होजच्या क्लिपाही लवकर गंजतात.

रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवल्यास डाग ओळखता येतो: कूलंट रंगीत व गोडसर वासाचे, तर ऑइल काळपट व चिकट असते. एसीचे स्वच्छ पाणी ही गळती नव्हे. पावसाळ्यात ही गल्लत हमखास होते. ऑइल खाली ओघळत व वाऱ्याने मागे पसरत असल्याने इंजिन आधी धुऊन सर्वांत वरची ओली जागा शोधावी लागते. कूलंटसाठी थंड इंजिनावर हातपंपाने दाब देऊन तपासणी करतात. बाहेर थेंब न दिसता पातळी घटत असेल, ऑइल दुधाळ झाले असेल किंवा धूर सतत पांढरा येत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घेतला जातो.

टॅपेट कव्हरचे गॅस्केट बदलणे सोपे असते. क्रँकशाफ्टच्या मागील सीलसाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरी सुट्या भागापेक्षा अधिक होते. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते द्रव उसळून गंभीर भाजू शकते. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल विषारी असून कुत्री-मांजरे ते चाटतात. त्यामुळे सांडलेले कूलंट लगेच पुसून घेतात.