‘आर्ची’नंतर रिंकू राजगुरूचं काय झालं? एका रात्रीत मिळालेल्या प्रसिद्धीची पुढची गोष्ट

२८ मार्च २०१६. ६३ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची घोषणा झाली. ‘पिकू’साठी अमिताभ बच्चन सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले. त्याच यादीत ‘विशेष उल्लेख’ म्हणून एक नाव होतं, रिंकू राजगुरू. वय १४ वर्षं, गाव अकलूज, जिल्हा सोलापूर. तेव्हा तिचा पहिला सिनेमा थिएटरला लागलासुद्धा नव्हता.

तो सिनेमा म्हणजे ‘सैराट’.

आर्ची सापडली कशी?

दिग्दर्शक नागराज मंजुळे अकलूजला आले होते, तेव्हा त्यांनी रिंकूला पाहिलं आणि तिची ऑडिशन झाली. ना अभिनयाची शाळा, ना घरात कुणी सिनेमावालं. पण नागराज स्वतः करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांना आर्ची त्याच मातीतली हवी होती.

तोवर गावाकडची नायिकासुद्धा पडद्यावर बऱ्याचदा पुण्या-मुंबईचं मराठी बोलायची. आर्ची सोलापूरकडचं बोलली, बुलेटवर आली, ट्रॅक्टर चालवला. लोकांना हेच भिडलं.

मग आलं वादळ

फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात दाखवलेला ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला रिलीज झाला आणि १०० कोटींचा टप्पा गाठणारा पहिला मराठी सिनेमा ठरला. कन्नड, पंजाबी, बंगाली, हिंदी असे रिमेक निघाले. कन्नड ‘मनसु मल्लिगे’मध्ये तर पुन्हा रिंकूच होती. हिंदीतला ‘धडक’ (२०१८) जान्हवी कपूरचा पहिला सिनेमा.

पण विचार करा, हे सगळं घडत होतं तेव्हा रिंकू शाळेत होती. गर्दीमुळे रोज वर्गात बसणं अवघड झालं. शेवटी २०१७ मध्ये १७ नंबरचा फॉर्म भरून तिने बाहेरून दहावीची परीक्षा दिली.

आर्चीच्या पलीकडे

पहिलीच भूमिका एवढी गाजली की पुढे अडचण होते. लोकांना प्रत्येक वेळी आर्चीच हवी असते. ‘कागर’ (२०१९) मध्ये ती पुन्हा गावाकडचीच होती. तिथे तुलना अटळ होती.

वळण आलं ओटीटीवर. ‘हंड्रेड’ (२०२०) या हिंदी सिरीजमध्ये तिने लारा दत्तासोबत काम केलं. त्यात ती झाली मुंबईची नेत्रा पाटील, जिच्याकडे जगायला १०० दिवस उरलेत. ‘२०० हल्ला हो’ (२०२१) मध्ये ती अत्याचाराविरुद्ध उभ्या राहिलेल्या दलित बायकांच्या बाजूने लढताना दिसली, सोबत अमोल पालेकर. मग ‘झिम्मा २’ (२०२३) मध्ये ती बायकांच्या सहलीतली एक झाली.

आणि मध्ये होता ‘झुंड’. मार्च २०२२, दिग्दर्शक पुन्हा नागराज. रिंकूने केली मोनिका, पासपोर्टसाठी ओळख सिद्ध करायला वडिलांसोबत वणवण फिरणारी आदिवासी मुलगी. भूमिका छोटी, पण त्यात आर्चीचा तोरा कुठेच नाही. या सिनेमाचे हिरो होते अमिताभ बच्चन. सहा वर्षांपूर्वी एका यादीत आलेली दोन नावं आता एका पोस्टरवर होती.

‘सैराट’ने रिंकूला एका महिन्यात स्टार केलं. अभिनेत्री व्हायला मात्र तिला पुढची कित्येक वर्षं द्यावी लागली. रील्सवर आजही तिची आर्चीच फिरते, पण वेळ काढून ‘झुंड’मधली मोनिका एकदा बघा.