अठरानंतरचा पत्ता : लोहारा

यवतमाळ शहराला लागून असलेलं लोहारा अर्धं शेतीचं आणि अर्धं एमआयडीसीचं. एका अंगाला कापसाचं शिवार, दुसऱ्या अंगाला डेनिमचं कापड काढणारा कारखाना. अशा गावात एखादं मूल बौद्धिक दिव्यांग असेल, तर त्याच्या बालपणाची वाट आता थोडीफार आखलेली आहे. तपासणी होते, प्रमाणपत्र मिळतं, नशीब असेल तर विशेष शाळाही मिळते. अठरावं वर्ष लागलं की ही वाट संपते. शाळा सुटते, पोरगं घरी येऊन बसतं आणि पुढची चाळीस वर्षं त्याचा सगळा कारभार एकट्या आईच्या अंगावर पडतो.

ही चाळीस वर्षं पूर्वी नव्हती. डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान अमेरिकेत १९८३ च्या सुमारास २५ वर्षं होतं, आज ते ६० च्या घरात आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविकं यांनी मुलं जगवली. आपल्याकडेही आईबापांच्या मागे उरणारी पहिली मोठी पिढी आता समोर आहे. २०११ च्या जनगणनेत देशात बौद्धिक दिव्यांगांची नोंद सुमारे १५ लाख झाली. त्या प्रत्येक घरात एकच प्रश्न असतो : आमच्यामागं याचं कोण?

वझ्झरचं उत्तर

विदर्भात या प्रश्नाला सर्वांत ठाम उत्तर दिलं ते शंकरबाबा पापळकरांनी. अमरावती जिल्ह्यात, परतवाड्याजवळच्या वझ्झर इथे त्यांनी स्व. अंबादासपंत वैद्य यांच्या नावाचं बेवारस दिव्यांग मुलांचं बालगृह उभं केलं. रेल्वे स्थानकांवर, बसस्थानकांवर, उकिरड्यांवर टाकून दिलेली मुलं तिथे आली. बाबांनी त्यांना स्वतःचं आडनाव दिलं. बाप म्हणून कागदोपत्री आपलं नाव लावलं, अनेकांची लग्नं लावली. त्यांच्या १२३ मुलांचं हे कुटुंब आणि मुलांनी टेकडीवर वाढवलेली झाडं महाराष्ट्राला ठाऊक आहेत. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची दृष्टिहीन लेक माला त्याच वर्षी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून सरकारी नोकरीसाठी निवडली गेली.

बाबांचं भांडण मात्र पुरस्काराने मिटलेलं नाही. बाल न्याय कायद्याच्या लेखी अठरा पूर्ण झाली की व्यक्ती ‘बालक’ राहत नाही, तिने बालगृह सोडायचं असतं. धडधाकट मुलासाठी हा नियम कसाबसा चालेल. ज्याला पैशांचा हिशेब कळत नाही, रस्ता ओलांडता येत नाही, त्याने अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी जायचं कुठे? बेवारस दिव्यांगांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा करा, ही बाबांची मागणी वर्षानुवर्षांची आहे.

वझ्झरने एक गोष्ट सिद्ध केली : आधार वयाशी बांधायचा नसतो. पण त्याच वझ्झरमध्ये एक चिंताही आहे. तो डोलारा एका माणसाच्या आयुष्यावर उभा राहिला. लोहाऱ्यातल्या घरात आई एकटी, वझ्झरला बाप एकटा. आकार वेगळा, जोखीम तीच.

दूर ठेवण्याची किंमत

मग मोठी सरकारी वसतिगृहं बांधावीत का? फेब्रुवारी १९९४ मध्ये महाराष्ट्राने याचं एक उत्तर पाहिलं. शिरूरच्या शासकीय मतिमंद मुलींच्या गृहातल्या मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. मासिक पाळीची स्वच्छता सांभाळता येत नाही, हे एक कारण पुढे केलं गेलं. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर शस्त्रक्रिया थांबल्या. त्या मुलींच्या बाजूने बोलणारं, रोज भेटणारं, बाहेरचं माणूस आत नव्हतं. चार भिंतींआडच्या आयुष्यावर शेजाऱ्यांची नजर नसते, हा त्या प्रकरणाचा खरा धडा.

बेल्जियममधल्या गील या गावाने शेकडो वर्षांपूर्वी उलटी वाट धरली. संत डिम्फ्नाच्या देवळात बरं होण्यासाठी आणलेली मनोरुग्ण आणि बौद्धिक दिव्यांग माणसं गावकऱ्यांनी घरात ठेवून घेतली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस गावात असे साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे होते. शेतात, गोठ्यात, स्वयंपाकघरात ते हाताखाली राबत. यजमान कुटुंबाला भत्ता मिळतो, पाठीशी रुग्णालय असतं. नुसत्या दयेवर ते चाललेलं नाही, हे ध्यानात घ्यायला हवं. नाझींपासून निसटलेले डॉ. कार्ल क्योनिग यांनी स्कॉटलंडमध्ये कॅम्पहिल चळवळ सुरू केली. दिव्यांग आणि इतर एकाच घरात राहतात, एकाच बागेत काम करतात, हे तिचं सूत्र.

पुण्याजवळ मुळशी तालुक्यातल्या कोळवण खोऱ्यात १९९४ साली सुरू झालेलं साधना व्हिलेज याच विचाराचं. तिथले प्रौढ रहिवासी ‘विशेष मित्र’. लहान घरं, घर सांभाळणाऱ्या माणसांसोबत राहणं, रोजचं काम. आणि तीच संस्था आसपासच्या गावांत बचत गटांसारखं कामही करते. त्यामुळे खोऱ्याच्या लेखी ती आपल्यातलीच ठरते. पुण्यात सिंधुताई जोशींनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या ‘कामायनी’नेही शाळेच्या पुढे जाऊन प्रौढांच्या हाताला काम दिलं.

कागदावर काय आहे

लोहाऱ्यात साधना व्हिलेज उभं राहायला हवंच, असं नाही. तिथल्या प्रौढाचं घर आहे, पत्ता आहे. हवेत ते त्या घराभोवतीचे आधाराचे चार हात, आणि त्यांची तरतूद कायद्यात आहे.

राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आईवडील किंवा नातेवाईक आपल्या पसंतीच्या व्यक्तीला पालक नेमण्यासाठी तिथे अर्ज करू शकतात. पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब. सातबाऱ्यावर भावाबरोबर नाव असलेल्या, पण सही कशाची ते न कळणाऱ्या माणसासाठी हे साधं कवच फार मोलाचं आहे. त्याच न्यासाची ‘निरामय’ योजना एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा देते, ‘समर्थ’ आणि ‘घरोंदा’ निवासाची सोय पाहतात.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आणखी पुढे जातो. समाजात राहण्याचा हक्क तो मान्य करतो आणि पालकाने त्या व्यक्तीला विचारून, ठरावीक निर्णयापुरता, ठरावीक काळापुरता आधार द्यावा असं म्हणतो. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये महिन्याला अडीच हजार झालं. स्थानिक स्वराज्य संस्थांनी पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तरीही एक विषमता उरते. सरकारी नोकराच्या दिव्यांग मुलाला बापामागे आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. कापूस पिकवणाऱ्याच्या मुलाला ते नाही.

शिवारातलं काम

विदर्भातल्या शेतीत एक जागा या माणसांसाठी आधीच आहे. कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते. तासावर नसल्याने हळू वेचणाऱ्याला कुणी हाकलत नाही. दिवसाकाठी जेवढं वजन, तेवढे पैसे. पण काट्यावर आकडा वाचणारं आणि मजुरी हातात पडली का हे पाहणारं माणूस सोबत लागतं. हेच माणूस समाजाने पुरवायचं. आशा कार्यकर्ती, बचत गटाची अध्यक्ष, शेजारची काकू, गावातला शिक्षक : यांतल्या कुणाला जर मानधन, थोडं प्रशिक्षण आणि महिन्याची एक नोंदवही मिळाली, तर आईला दवाखान्यात किंवा लग्नाला जाण्याइतकी उसंत मिळेल. एमआयडीसीतल्या पॅकिंगच्या सोप्या कामालाही असाच सोबती हवा.

हा खर्च वसतिगृह बांधण्याच्या मानाने थोडा आहे. अडचण पैशांपेक्षा वेळेची आहे. पालकत्वाचा अर्ज बहुतेकदा आई गेल्यावर सुचतो, तेव्हा भांडण जमिनीचं झालेलं असतं. म्हणून पहिलं पाऊल लोहाऱ्याच्या आवाक्यातलं आहे : आई हिंडतीफिरती असतानाच दुसरा पालक ठरवायचा, जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्यायचा, आणि त्या प्रौढाला कोण आवडतं हे आधी त्यालाच विचारायचं. पाच टक्के निधीचा हिशेब ग्रामसभेत किंवा नगर परिषदेत मागितला, तर सोबत्याच्या मानधनाचा प्रश्नही तिथेच सुटू लागतो. वझ्झरची माणुसकी कायद्यात यायला वेळ लागेल. लोहाऱ्याने तोवर थांबायचं कारण नाही.