सावलीचे शीड : ताडपत्री कारागिरांसाठी नवे काम

मांडव, कनात आणि ताडपत्रीच्या शिलाईवर पोट असणारे आपले अनेक बांधव अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात आहेत. लग्नसराई सरली की मशीन बसून राहते. अशांनी फार्महाऊसचा पोहण्याचा हौद, हॉटेलचे अंगण किंवा घराची गच्ची यांवर ताणून बसवायच्या कापडी छताकडे लक्ष द्यावे, असे आम्ही सुचवतो. याला शेड सेल, म्हणजे सावलीचे शीड म्हणतात. पाण्याकाठच्या गारव्याचा शौक आपल्याकडे जुनाच आहे. निजामशाहीतला फराहबाग महाल तलावाच्या मध्यभागी बांधलेला आहे.

मात्र हा मांडव नव्हे. मांडव चार दिवसांचा असतो. शीड महिनोन्‌महिने ताणलेले राहते. म्हणून यात कापडापेक्षा खांबाचे काम महत्त्वाचे.

हिशेब पाहा. वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग ३) पुणे व नाशिक या शेजारच्या शहरांसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. ढोबळमानाने त्याचा दाब चौरस मीटरला ९३ किलो होतो. पाच मीटर लांब-रुंद, हवा न जाऊ देणाऱ्या कापडावर तो सव्वादोन टनांच्या वर जातो. जाळीच्या विणीतून काही हवा निघून जाते, तरी ओढ मोठीच राहते. तेव्हा गच्चीच्या कठड्यात कडी ठोकून कापड बांधणे म्हणजे वळवाच्या वादळात कठडा माणसांच्या अंगावर पाडणे. कडी कॉलमला किंवा बीमलाच हवी आणि ती जागा इंजिनिअरला दाखवून घ्यावी. काळ्या मातीत खांब रोवायचा तर पाया खाली मुरमापर्यंत न्यावा, कारण ही माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. खांब बाहेरच्या बाजूस किंचित कललेला असावा.

चारही कोपरे एका उंचीवर ठेवू नयेत. समोरासमोरचे दोन उंच, दोन खाली ठेवले की कापडाला पीळ बसतो. ते फडफडत नाही व पाणी साचत नाही. कडा सरळ न कापता आत वळत्या कमानीसारख्या कापाव्यात, म्हणजे ताणल्यावर त्या ढिल्या पडत नाहीत. कोपरा व खांब यांत टर्नबकलसाठी जागा सोडावी. दोरा उन्हात टिकणारा पॉलिस्टरचा घ्यावा. हौदाच्या क्लोरीनने लोखंड लवकर गंजते. तिथे कड्या स्टेनलेस स्टीलच्या वापराव्यात. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून तिरपे आत येते, म्हणून एक खालचा कोपरा पश्चिमेला ठेवावा.

आता व्यवहार. शेतीची हलकी शेडनेट शिवून ती शिडाच्या भावाने विकण्याचा मोह होईल. माप-तोलात कमी देणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये दिलेली ताकीद मालाच्या दर्जालाही लागू आहे, असे आम्ही समजतो. कापड, खांब, पाया व जोडणी यांचे दर वेगवेगळे लिहून द्यावेत. वादळाचा अंदाज असेल तेव्हा शीड उतरवावे, ही सूचनाही त्याच कागदावर लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी. पायाचा खर्च नको म्हणणारे गिऱ्हाईक भेटले तर ते काम सोडून द्यावे. एक खांब पडला तर दहा वर्षांचे नाव जाते.