कळमेश्वरच्या फलाटावरून सातपुडा

कळमेश्वरच्या फलाटावर उभं राहिलं तर सातपुडा दिसत नाही. धापेवाडा-आदाशाच्या अंगाला ठेंगण्या टेकड्या, पश्चिमेला कोंढाळीकडे हळूहळू चढत गेलेलं रान, बाकी सगळी काळी सपाट जमीन, तिच्यात कापूस, संत्र्याचे बगीचे आणि एमआयडीसीची धुराडी. डोंगर म्हणून बोट दाखवावं असं काही नाही. तरी इटारसीकडे जाणारी गाडी इथे थांबते तेव्हा ती डोंगराच्याच वाटेला लागलेली असते. स्टेशनांच्या पिवळ्या पाट्यांवर खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. खिडकीशी बसून त्या पाट्या वाचत गेलं की काटोल, नरखेड, पांढुर्णा, मुलताई असा आकडा वाढत जातो. नागपूर तीनशे मीटरच्या जरा वर, मुलताई साडेसातशेच्या आसपास. सातपुडा माझ्या डोळ्यांना दिसला त्याच्या कितीतरी आधी मला असा आकड्यांतून कळला.

हा लोहमार्ग 1923-24 मध्ये झाला, म्हणजे त्याची शंभरी उलटली. कळमेश्वर आणि सातपुडा यांच्या नात्याचा मागोवा घ्यायचा तर मला हीच खूण सोयीची वाटते. मुंबईची गाडी नागपूरला 1867 सालीच आली होती, पण ती पश्चिमेकडून, वर्ध्यावरून. उत्तरेला डोंगर आडवा. दिल्लीकडे जायचं म्हणजे आधी भुसावळपर्यंत उलट्या दिशेने जायचं आणि मग वर चढायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून जबलपूरकडे नॅरोगेज झाली, 1913 मध्ये नागपूरहून सावनेर, सौंसरमार्गे छिंदवाड्याला दुसरी नॅरोगेज चढली. छोट्या गाडीला वळणं परवडतात, तशी ती डोंगराच्या कलाने गेली. मोठी गाडी मात्र 1924 पर्यंत डोंगराला भिडली नव्हती. ती भिडली आणि पाच वर्षांनी, 1929 मध्ये, दक्षिणेला बल्लारशा-काझीपेठ जोडलं गेलं. त्याच वर्षी ग्रँड ट्रंक एक्सप्रेस पेशावरहून मंगळूरला धावू लागली. एकशेचार तासांचा प्रवास! ज्या रुळांवरून आपल्या गावचा माणूस काटोलच्या बाजाराला जायचा, त्याच रुळांवरून ती गाडी न थांबता निघून जात असे.

या मार्गावर खरा घाट दोनदा लागतो. पांढुर्ण्यापुढे तिगाव आणि चिचोंडा यांच्यामध्ये एकदा, आणि बैतूल ओलांडल्यावर मरामझिरी-धाराखोहच्या उतारावर पुन्हा. मालगाडी जड असेल तर मागून ढकलायला जादा इंजिन लावतात, रेल्वेवाले त्याला बँकर म्हणतात. नुसती नकाशावरची रेघ पाहून डोंगराचा हा जोर कळत नाही. मागून इंजिन लागलेली गाडी तिगावला उभी असताना जो धक्का बसतो, त्यातून तो कळतो.

पण मला या वाटेवरची सगळ्यांत आवडती गोष्ट घाट नव्हे, पाणी. कळमेश्वरच्या आसपासचं पाणी कोलार नदीतून कन्हानकडे आणि पुढे वैनगंगेला जातं. गाडी काटोलला पोचते तोवर एक पाणलोट ओलांडून गेलेली असते. तिथली जाम नदी वर्धेला मिळते. नरखेड सोडून पांढुर्ण्याला आलं की पुन्हा एक जाम नदी लागते, पण ही वेगळी, ही सौंसरकडून कन्हानला जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव या दोन तीरांची दगडफेकीची गोटमार होते ती याच जामवर. एका नावाच्या दोन नद्या आणि मधला कणा इतका बुटका की गाडीत बसलेल्याला पत्ता लागू नये. मग मुलताई येते. तिथे तापी उगम पावते आणि सव्वासातशे किलोमीटर वाहून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. त्याच मुलताईच्या पठारावर वर्धाही जन्मते, ती दक्षिणेकडे वळून वैनगंगेला भेटते, दोघींची प्राणहिता होते, आणि ते पाणी गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागरात पोचतं. मुलताईच्या पठारावर पडलेल्या पावसाला कोणत्या समुद्रात जायचं ते चार पावलांच्या उतारावर ठरतं.

शाळेत आपण सातपुडा शिकलो तो वेगळा. गुजरातेत राजपिपळ्यापासून मैकल पर्वतापर्यंत सुमारे नऊशे किलोमीटर, नर्मदा आणि तापी यांच्या मधला, सर्वांत उंच धूपगड 1,350 मीटर. महाराष्ट्रातला सातपुडा म्हणजे तोरणमाळ, अस्तंभा, गाविलगड. नागपूर जिल्ह्याच्या वाट्याला पुस्तकात गरमसूर हे एक नाव आणि रामटेकच्या टेकड्या, बस्स. सात पुडे म्हणजे सात घड्या असा नावाचा अर्थ गुरुजी सांगत. प्रत्यक्षात सातपुडा हा घडीचा पर्वत नव्हे. नर्मदेची आणि तापीची खोरी दोन्ही बाजूंनी खचली आणि मधला भाग उंच राहिला, असं भूगोलच पुढच्या पानावर सांगत असे. नाव आणि धडा यांचं जमत नव्हतं, पण परीक्षेत दोन्ही लिहिलं तरी गुण मिळत.

कळमेश्वरची काळी जमीन ही या डोंगराशी असलेलं सगळ्यांत जुनं नातं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्ह्याचे थर पसरले, त्यांची पूर्वेची कड नागपूरजवळ संपते. सीताबर्डीची टेकडी त्याच काळ्या दगडाची. नागपूर ओलांडून पूर्वेला गेलं की दगड बदलतो, माती बदलते, पीक बदलतं, कापसाच्या जागी धान येतं. आपण कडेच्या अलीकडे राहिलो म्हणून आपल्याकडे कापूस आणि संत्री. बैतूल-छिंदवाड्याच्या पठारांवरही हाच लाव्हा चढून बसला आहे, पण पचमढीचे कडे वालुकाश्माचे, लाव्ह्याहून कितीतरी जुने.

लाव्ह्याच्या या थरांचं कोडं इथे प्रथम हातात घेतलं ते एका पाद्र्याने. स्टीफन हिस्लॉप 1840 च्या दशकात धर्मप्रचाराला नागपूरला आला आणि दगड गोळा करत बसला. शहराजवळ टाकळीला लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये त्याला गोड्या पाण्यातल्या शंख-शिंपल्यांचे जीवाश्म मिळाले. म्हणजे एक थर थंड झाल्यावर तिथे तळी साचली होती, त्यांत गोगलगायी नांदत होत्या, आणि मग दुसरा थर आला. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्याने हे 1850 च्या दशकात लंडनच्या भूवैज्ञानिक नियतकालिकात छापलं. 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्या नावाचं. पुढे छिंदवाडा जिल्ह्यातलं मोहगाव कलान हे गाव अशाच थरांतल्या दगड झालेल्या फळाफुलांसाठी प्रसिद्धीला आलं, बिरबल सहानींनी त्यांवर काम केलं. भूविज्ञानाच्या पुस्तकांत आपल्या ओळखीची गावं भेटतात याचं मला अजून अप्रूप वाटतं. कामठी, सौंसर, मनसर ही तिथे एसटीचे थांबे नसतात, खडकांची नावं असतात.

माणसांचा इतिहास डोंगरातून खाली उतरला आहे. नागपूरची सत्ता देवगडहून आली. देवगड छिंदवाड्याजवळ, सातपुड्याच्या कुशीत. तिथला गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 च्या सुमारास राजापूर बारसा या बारा वाड्यांचं नागपूर केलं, आणि त्याच्यामागे चांद सुलतानाने राजधानीच खाली आणली. भोसले त्यानंतरचे. म्हणजे नागपूर हे मुळात डोंगरातल्या राज्याने मैदानात टाकलेलं पाऊल, आणि कळमेश्वरचा हा सगळा टापू त्या पावलाखालचा.

वेळ फिरली तेव्हा मैदानातला राजा उलट डोंगरात गेला. 1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई हरल्यावर आप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी पुढच्या वर्षी कैद करून उत्तरेकडे नेलं. वाटेतून ते निसटले आणि पचमढीच्या महादेव डोंगरात गोंडांच्या आश्रयाला राहिले. इंग्रजांना त्या दऱ्यांत ते सापडले नाहीत. पुढे ते असीरगडला गेले, 1819 मध्ये असीरगडही पडला, आणि आप्पासाहेब पंजाबमार्गे जोधपूरला पोचून 1840 मध्ये तिथेच वारले. सीताबर्डीची लढाई सगळ्यांना पाठ असते, डोंगरातल्या त्या महिन्यांबद्दल मात्र आपल्याकडे फार बोललं जात नाही.

नंतर त्याच पचमढीत इंग्रज उन्हाळा काढू लागले. कॅप्टन फोर्सिथ 1862 मध्ये तिथे गेला, त्याने बांधलेलं बायसन लॉज अजून उभं आहे. मध्य प्रांताचं सरकार मे महिन्यात नागपूर सोडून वर जाई. नागपूरचा मे ज्याने काढला आहे त्याला याचं कारण सांगावं लागत नाही.

मग 1956 आलं. 1 नोव्हेंबरला राज्यं नव्याने आखली गेली. तोवर नागपूर ज्या प्रांताची राजधानी होती त्यातला छिंदवाडा, बैतूल, शिवनी, बालाघाट हा सगळा डोंगर मध्य प्रदेशात राहिला आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. भाषेच्या हिशेबाने ते बरोबर होतं असं म्हणतात. पण सौंसर-पांढुर्ण्याचा हिशेब तेव्हाही अडला आणि आजही अडतो. तिथल्या बाजारात मराठी, घरात मराठी, शाळेची पाटी हिंदी. 2023 मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, मध्य प्रदेशातच. काटोल-नरखेडची सोयरीक त्या बाजूला होते, लग्नाची वरात राज्य ओलांडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. गाडीतल्या माणसाला नरखेडनंतर एकच फरक जाणवतो, पाटीवरचं मराठी नाव गेलेलं असतं.

पाण्याच्या बाबतीत मात्र राज्याच्या सीमेची ती रेघ चांगलीच जाणवली. पेंच सातपुड्यातून येते, तोतलाडोहच्या धरणात अडते आणि नागपूरची तहान भागवते. वरच्या अंगाला छिंदवाडा जिल्ह्यात चौराईचं धरण झालं आणि तिथे पाणी साठू लागलं. 2019 मध्ये पाऊस लांबला, तोतलाडोह तळाला गेलं, आणि भर पावसाळ्यात नागपुरात एक दिवसाआड पाणी आलं. आपल्याला ज्या डोंगराचं फक्त नाव ठाऊक होतं, त्याच्या पलीकडच्या धरणाचं नाव त्या वर्षी नागपुरातल्या प्रत्येक घरात पोचलं. चौराईवर राग काढणाऱ्यांना मी तेव्हा विचारत असे, तिकडच्या शेतकऱ्याने काय करावं? उत्तर मिळत नसे. माझ्याकडेही नव्हतं.

वाघांनी ही रेघ कधीच मानली नाही. पेंच, बोर आणि मेळघाट या जंगलांच्या मधला काटोल-कोंढाळीचा पट्टा त्यांच्या येण्याजाण्याचा. बोरचा बाजीराव नावाचा वाघ 2017 च्या डिसेंबरात बाजारगावजवळ अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेत मेला. कळमेश्वरहून बाजारगाव फार लांब नाही. आपण ज्याला सपाट प्रदेश म्हणतो, तो त्याच्या लेखी सातपुड्याचाच पायथा होता.

आणि माणसांतही एक जमात अशी आहे जिने ही रेघ मानली नाही, ती म्हणजे महादेवाला जाणारे. आमच्याकडे कुणी पचमढीला जात नाही, लोक महादेवाला जातात. महाशिवरात्रीला चौरागडची यात्रा. नवस फेडायचा असला की लोखंडी त्रिशूळ खांद्यावर घेऊन हजाराहून जास्त पायऱ्या चढायच्या आणि वर नेऊन रोवायचा. माथ्यावर त्रिशुळांचं रान झालं आहे. ज्यांना इतकं लांब जमत नाही ते मोर्शीकडच्या सालबर्डीला छोट्या महादेवाला जातात, तोही सातपुडाच.

पण विदर्भाचं खरं वेड श्रावणातलं, पचमढीच्या नागद्वाराचं. नागपंचमीच्या आधी घराघरांतून पिशव्या भरल्या जातात. घोंगडी, काठी, तिखटमिठाच्या पुऱ्या, प्लास्टिकची ताडपत्री. एसटी जादा गाड्या सोडते, सावनेर-छिंदवाड्याच्या रस्त्याला जीपा लागतात, काहीजण गाडीने जातात. पूर्वी सावनेरहून छिंदवाड्यापर्यंत नॅरोगेजनेही जाता येई. 2015 च्या अखेरीस ती बंद झाली आणि काही वर्षांनी त्याच वाटेने ब्रॉडगेज आली. वर पाऊस, धुकं, निसरडे दगड, आणि धूपगडाच्या बाजूने उतरत जाणारी एक लांब वाट. एकेका गुहेत एकेक देव, आणि शेवटी नागद्वार स्वामी. भजनी मंडळं वाटेत तंबू ठोकून चहा, खिचडी वाटतात, आणि ऐकू येणारी बोली बरीचशी आपलीच. मध्य प्रदेशातल्या त्या खोऱ्यात त्या दहा-बारा दिवसांत वऱ्हाडी बोललेली सगळ्यांना समजते. परतलेला माणूस फलाटावर उतरला की कुणीतरी विचारतंच, "कुठून राजेहो?" आणि तो म्हणतो, "मोठ्या महादेवाले जाऊन आलो." पायाला अजून लाल चिखल, आणि कळमेश्वरची माती काळी, त्यामुळे त्याने न सांगताही कळतं.

नागद्वाराची ती वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पातून जाते. नागपंचमी झाली की वन विभाग ती बंद करतो.