कागदावरचे मुक्काम

वसई-विरारमध्ये बसून हॉटेलांच्या लॉयल्टी पॉइंटांचा हिशेब मांडायचा, तर क्रेडिट कार्डाच्याही आधीपासून सुरुवात करावी लागते. 2000 नंतरची काही वर्षे नालासोपारा, विरार, नायगावच्या नव्या सोसायट्यांमध्ये पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीचे एजंट घरोघर जात. बहुतेक ओळखीचेच असत: गावकीतले, गणपती मंडळातले, सकाळच्या लोकलच्या ग्रुपमधले. योजना समजायला सोपी होती. आज पैसे भरायचे, त्या बदल्यात कंपनीच्या हॉटेलांतले काही मुक्काम, म्हणजे 'रूम नाइट', आपल्या नावावर होणार. मुदतीत वापरले नाहीत, तर ठरलेली 'सरेंडर व्हॅल्यू' हातात मिळणार.

सहलीसाठी हे कागद घेणारे फार थोडे. फ्लॅटचा हप्ता भागवून उरलेले पैसे होते ते. कुणाच्या मनात मुलीचे लग्न होते, कुणाच्या मनात गावच्या घराचे छप्पर. कागदावर मुक्काम लिहिलेला आणि घेणाऱ्याच्या मनात मुदतठेव, असा तो व्यवहार होता. त्यामुळे सर्वांत साधे प्रश्न विचारले गेले नाहीत. हीच खोली रोख पैसे देऊन कितीला मिळते? विकलेल्या मुक्कामांना पुरतील इतक्या खोल्या कंपनीकडे आहेत का? हॉटेले खरी होती, पण एकेका रात्रीची किंमत ठरवणारी आणि ती परत घेण्याची हमी देणारी कंपनी एकच होती.

31 जुलै 2014 रोजी सेबीने अंतरिम आदेश काढला. ही सामूहिक गुंतवणूक योजनाच आहे आणि तिला परवानगी नाही, असे सेबीचे म्हणणे होते. 29 फेब्रुवारी 2016 च्या अंतिम आदेशात 7,035 कोटी रुपये परत करायला सांगितले गेले. गुंतवणूकदार होते 50 लाखांहून अधिक. भागाकार केला तर माणशी सुमारे 14 हजार रुपये येतात. कुणाचे पैसे होते हे, ते त्या एका आकड्यावरून कळते. मे 2017 मध्ये कंपनीचे अपील फेटाळले गेले, मालमत्तांवर जप्ती आली आणि 2022 मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले. रॉयल ट्विंकल स्टार क्लब आणि सिट्रस चेक इन्स यांच्या हॉलिडे प्लॅनवरही 2015 मध्ये सेबीने असेच आदेश दिले. या काळात सर्वाधिक सोसले ते गुंतवणूकदारांनी आणि त्यांच्याच शेजारी राहणाऱ्या छोट्या एजंटांनी. अनेक एजंटांनी स्वतःच्या बहिणीचे, मेहुण्याचे पैसेही त्यातच घातले होते.

आजच्या हॉटेल पॉइंटांना त्या रांगेत बसवणे अन्याय होईल. इथे कुणी ठेव मागत नाही, परताव्याची हमी देत नाही. तरीही एक गोष्ट तशीच आहे: पॉइंटचा भाव हॉटेलच ठरवते आणि हॉटेलच बदलते. मॅरियट, स्टारवुड आणि रिट्झ-कार्लटन या हॉटेलांच्या पॉइंट योजना ऑगस्ट 2018 मध्ये एकत्र आल्या आणि फेब्रुवारी 2019 मध्ये 'बॉनव्हॉय' हे नाव आले. तेव्हा कोणत्या हॉटेलला किती पॉइंट, याचा तक्ता जाहीर होता. मार्च 2022 च्या अखेरीस तो तक्ताच काढून टाकला गेला. तेव्हापासून मागणीप्रमाणे पॉइंट वरखाली होतात. कार्डाचे पॉइंट हॉटेलकडे वळवायचा भाव बँकही असाच बदलते: सप्टेंबर 2023 मध्ये ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे 5 पॉइंट देऊन भागीदार हॉटेलचे 4 मिळायचे, तिथे 2 मिळू लागले. ज्यांनी मोठ्या सुट्टीसाठी साठवून ठेवले होते, त्यांची साठवण एका रात्रीत निम्मी झाली.

म्हणून हिशेब स्वतःच करावा. समजा खोलीचे भाडे 6,000 रुपये आहे आणि तीच 15,000 पॉइंटांत मिळते. 12 टक्के जीएसटी होता तेव्हा रोखीने 6,720 पडायचे, म्हणजे पॉइंट जवळपास 45 पैशांचा. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा कर 5 टक्के झाला. आता रोखीने 6,300 पडतात, म्हणजे तोच पॉइंट 42 पैशांचा. कर उतरला की फुकट मुक्कामाची किंमतही उतरते, हे फारसे कुणी मोजत नाही. कार्डाची वार्षिक फी यातून अजून वजा व्हायची आहे.

याहून महत्त्वाची पायरी पुढची. पॉइंट नसते तर आपण 6,000 ची खोली घेतली असती का? गणपतीपुळ्याला 2,500 ची साधी खोली घेऊन मजेत राहिलो असतो, तर करासकट आपले 2,625 रुपयेच वाचले. मग पॉइंट साडेसतरा पैशांचा. जाहिरातीतला भाव आणि घरचा भाव यांतले अंतर ते हेच. शिवाय आपल्याकडच्या सुट्ट्या ज्या गावांत जातात तिथे पॉइंट चालतातच असे नाही. अर्नाळा, कळंब, राजोडीच्या रिसॉर्टांत दिवसभराची पिकनिक रोखीवर होते, देवस्थानाच्या भक्तनिवासातही पॉइंटांना जागा नाही.

सरळ ठरलेल्या रकमेला बांधलेले पॉइंट मला त्यामुळे अधिक प्रामाणिक वाटतात. क्लब आयटीसीचा ग्रीन पॉइंट एक रुपयाचा. एप्रिल 2022 मध्ये आलेल्या टाटा न्यूचे न्यूकॉइनही एक रुपयाचे, ते ताजमध्ये चालते. अकॉर हॉटेलांचे पॉइंट युरोला बांधलेले: 2,000 पॉइंट म्हणजे 40 युरो. युरो 90 रुपयांचा असेल तर पॉइंट 1 रुपया 80 पैशांचा, 100 चा झाला तर 2 रुपयांचा. इथे आकडा आपल्याला आधी कळतो आणि भाव करण्याची मुभा आपल्याकडे राहते.

बँकेचे पॉइंट हॉटेलकडे वळवले की परत येत नाहीत, म्हणून तारीख आणि खोली नक्की झाल्याशिवाय ते वळवू नका. आणि आधीच वळवले असतील, तर आज खाते उघडून शेवटची तारीख पाहा: खात्यात काहीच हालचाल नसेल तर बॉनव्हॉयचे पॉइंट 24 महिन्यांनी जातात, अकॉरचे 365 दिवसांनी.