अडतीस सेकंदांचा सा

बडनेरा स्टेशनच्या बाकावर एक बाई पिशवीतून जुन्या लग्नपत्रिका काढून मोजत होत्या. लग्नसराई केव्हाच सरलेली. मी डोकावून पाहिलं, तर प्रत्येक पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेननं पेटीच्या पट्ट्या काढलेल्या: सात पांढऱ्या, पाच काळ्या.

"सातवीत पोट्टे ५५, तास ३५ मिनिटांचा, पेटी एक," त्या म्हणाल्या. "एकाच्या वाट्याले ३८ सेकंद येतात."

तो आकडा डोक्यातून जाईना. पुढच्या बुधवारी मी त्यांच्यासोबत अकोल्याची गाडी धरली.

ताई अमरावतीच्या. तिथल्या दोन शाळा आणि बुधवारी अकोल्याची एक, सगळीकडे तासिका तत्त्वावर. तासिका बुडाली की तिचं मानधनही बुडतं. गाडीत मूर्तिजापूर येईस्तोवर त्या मांडीवर बोटं चालवत होत्या. एक नवा अलंकार बसवून पाहत होत्या.

शाळेतली पेटी कपाटात होती. १९ फेब्रुवारी २०२३ पासून 'गर्जा महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं आणि परिपाठासाठी ती बाहेर निघाली, असं शिपाईदादांनी सांगितलं. झाकण उघडलं तसा डांबरगोळ्यांचा, जुन्या लाकडाचा आणि पॉलिशचा एकत्र वास आला. घरी आल्यावरही तो माझ्या ओढणीला होता. मंद्रातला एक सूर मुका निघाला. ताईंनी पेटी उघडून पितळी पात्याखालचा धुळीचा कण अलगद काढला. सूर उतरला असेल तर हेच पातं टोकाशी किंचित खरवडतात, चढला असेल तर बुडाशी. "पण ते काम कारागिराचं. मी फक्त झाडते," त्या म्हणाल्या.

वर्गात पहिली दहा मिनिटं त्यांनी पेटीला हातच लावू दिला नाही. आधी सगळ्यांनी 'सा' लावायचा. सातवीतल्या काही मुलांचे आवाज फुटू लागलेत, काळी चारमध्ये ते ओरडतात, म्हणून सा खाली आणला, पुन्हा बदलला. पोरांच्या गळ्याला जागा मिळेपर्यंत त्या पट्टी शोधत राहिल्या. घड्याळ बघून माझाच जीव वरखाली होत होता. पण पेटी आधी हातात दिली तर पोरं बोटांनी सूर शोधतात, कानांनी नाही, हे त्यांचं म्हणणं मला समोर दिसत होतं. पॅरिसच्या अलेक्झांडर दबेंनी १८४२ मध्ये ज्या हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तिच्यातून आपली हाताच्या भात्याची पेटी घडली. तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही. १९४० मध्ये आकाशवाणीनं तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत राहिली, त्यामागं हीही तक्रार होती. गळ्यातला सा पक्का असेल तर पेटीची ही उणीव पोरांना कमी नडते.

मग पत्रिका वाटल्या. ५५ पोरं कागदावर बोटं चालवत तोंडानं सरगम म्हणू लागली. कुणाच्या अंगठ्याखाली 'शुभविवाह' उलटा उमटलेला. एकेक जण पुढं येऊन खऱ्या पट्टीवर तेच वाजवून जाई. लहान हातांना भाता आणि पट्ट्या एकदम जमत नाहीत, म्हणून भात्यावर एक मुलगी बसवलेली. तिचा हात विलक्षण सम होता. वाजवणाऱ्याची धांदल उडाली तरी भाता डगमगत नव्हता, आणि सगळ्यांचं चुकलेलं-जमलेलं तिच्या कानावरून जात होतं.

"तुले नाही का वाजवायचं?" मी विचारलं.

"हाव, पण माहा नंबर ५५ आहे. तिथलोक घंटा होऊन जाते."

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत अंशकालीन कला निदेशकाची तरतूद आहे, पण सहावी ते आठवीत १०० पेक्षा जास्त मुलं असतील तिथंच. मला हे मुळीच पटत नाही. एखाद्या आडगावच्या ९० पोरांच्या शाळेलाही ताईंसारखं कुणी हवं, आणि ते माणूस तासिकेच्या हिशेबावर टांगलेलं नसावं. ताई दोन तासांचा प्रवास करतात, कागदाच्या पेट्या स्वतः करतात. तीही नोकरीच आहे.

४१व्या नंबरला घंटा झाली. पोरांनी पत्रिका परत दिल्या. भात्यावरच्या मुलीनं आपली छातीशी धरली आणि ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली, तशी तिनं ती दप्तरात ठेवली.

परतीच्या गाडीत ताईंनी वही काढली. ४१ लिहिलं, खोडलं, आणि खाली लिहिलं: पुढचा बुधवार, ५५ पासून उलटं.